शून्यावर आलेलं पाणी

६ जानेवारी

प्रिय धाकटे साडू,

तुमच्या त्या बोगद्याच्या छावणीत फोन लागत नाही, हे आमच्या हिला अजून पटलेलं नाही. रोज एकदा लावून बघते आणि मग "माझ्या बहिणीला कुठल्या बिळात नेऊन ठेवलंय" असं मलाच सुनावते, जणू बोगदा मी खणायला काढलाय. आठवड्यातून एकदा शिधा घेऊन गाडी वर जाते आणि तिच्याबरोबर टपालही जातं, असं तुमच्या कंपनीच्या माणसाने सांगितलं. तेव्हा कांद्या-बटाट्यांच्या सोबतीने हे पत्र पाठवतोय.

तुम्ही जाताना आमच्या स्वाधीन केलेत ते दोघंही, म्हणजे आपले सासरे आणि तुमची समुद्राची टाकी, सुखरूप आहेत. तात्या रुळले. इतकी वर्षं धाकट्या लेकीकडे काढल्यावर थोरलीकडे करमेल का, अशी हिला धास्ती होती. पण तात्यांचं तुम्ही जाणताच. जावयाच्या घरी माणसाने हलकं होऊन राहावं, हा त्यांचा खाक्या. पंखा लावायचा तरी विचारतात. कपाट म्हणून उघडत नाहीत. सकाळी नाश्त्याची ताटली मांडीवर घेऊन टाकीसमोरच्या खुर्चीत बसतात आणि तासभर माशांकडे बघतात. मी एकदा विचारलं, एवढं काय बघता? तर म्हणाले, "उतारू मोजतोय." बस खात्यात तिकीट तपासनीस होता म्हातारा, सवय जात नाही.

टाकीचं म्हणाल तर मधल्या दगडावरचं ते हिरव्या फांद्यांचं प्रवाळ, तुम्ही बोटाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं, अगदी जोमात आहे. आम्ही त्याला झाड म्हणतो. ते झाड नसून प्राणी आहे, हे तुम्ही तीनदा समजावलंत, पण आमच्या डोक्यात शिरत नाही. आमच्या चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा हल्ली "साहेब, समुद्र बघायला येऊ का" म्हणतात. येतात, चहा पितात, मासे नाचत वर आले की खूश होऊन जातात. माझा भाव वाढलाय.

तक्रार एकच. काचेवर दर दोन दिवसांनी हिरवट-तपकिरी साय धरते. मी काच पुसण्यात हयात घालवलेला माणूस, पण ही काच मला पुरून उरली. खरवडून खरवडून मनगट दुखायला लागलं. ही म्हणते, दिवाणखान्यात डबकं आणून ठेवलंय. काय करावं ते कळवा.

आपला,
थोरला

१६ जानेवारी

आदरणीय थोरले साडू,

पत्र मिळालं. इकडे आम्ही दोघं मजेत. धाकटीने छावणीतल्या मुलांची शाळा सुरू केली आहे आणि मी दिवसभर बोगद्याच्या भिंतीत बसवलेली मापकं वाचतो. डोंगर किती सरकला, एवढंच बघायचं. तो सरकत नाही, त्यामुळे मला टाकीची आठवण काढायला भरपूर वेळ मिळतो.

तुमच्या टाकीत खाणं जास्त पडतंय. मासे खातात, घाण करतात, उरलेलं कुजतं, आणि त्यातून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतं. शेताला खत घातल्यासारखंच आहे ते. खत वाढलं की शेवाळ वाढणार. मी सांगून गेलो होतो की सकाळी एक चिमूट, बस. मग जास्तीचं कोण टाकतंय? तुम्ही शिस्तीचे. मेहुणीबाई टाकीला हात लावणार नाहीत. राहिलं कोण?

स्पष्टच लिहितो. माझ्याकडेही हेच चालायचं. मी मोजून खाणं घालायचो आणि पाण्याचे आकडे माझ्या हिशेबापेक्षा कायम वर. एकदा वाळूत पिवळा कण सापडला, तो माझ्या डबीतला नव्हता. तात्या दिवसभर घरात. वडीलधाऱ्या माणसाला विचारायचं कसं, म्हणून मी गप्प बसलो आणि खर्च करून पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं मोठं यंत्र आणलं, फॉस्फेट शोषणारे दाणे लावले. आयुष्यभर बिनतिकीट माणसं पकडली आणि म्हातारपणी स्वतःचाच हात असा चोरटा निघावा, याची मला तेव्हाही गंमत वाटायची.

आता असं करा. खाण्याची डबी कपाटात कुलपात ठेवा. किती उरली आहे तेही बघा. फॉस्फेटचे जुने दाणे फेकून नवे भरा, दुप्पट भरा. फेसाचं यंत्र एक खूण वर चढवा. नळीत थेंब टाकून पाण्याची तपासणी दर रविवारी करा. आणि तात्यांना सांगा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल, पण सांगा.

आपला,
धाकटा

४ फेब्रुवारी

प्रिय इंजिनिअरसाहेब,

हुकमाची तामिली झाली. डबी पाहिली, निम्म्याच्या खाली गेली आहे. तेव्हा तुमची शंका अगदीच वावगी नसावी. आता ती माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात.

तात्यांच्या कानावर घातलं. हसत-खेळतच, बरं का. ते "बरं" म्हणाले. विषय तिथेच संपला.

आणि काच? येऊन बघावी. दुकानातल्या नव्या भिंगासारखी लख्ख. पंधरा दिवसांत साय नाही. काल थेंब टाकून तपासणी केली. नायट्रेटच्या नळीत गुलाबी यायला हवं, पाणी होतं तसंच राहिलं. फॉस्फेटच्या नळीत निळं यायला हवं, तिथेही काही नाही. दोन्ही शून्य. मी नळ्या उजेडात धरून हिला दाखवल्या. "म्हणजे पास का नापास?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, पैकीच्या पैकी.

प्रवाळांचा रंगही उजळलाय. तुमचं झाड गर्द हिरवं होतं ते आता पोपटी दिसतं, टोकांशी तर जवळजवळ पिवळं. स्वच्छ पाण्याचा गुण असावा. गिऱ्हाइकांची ये-जा मात्र मी कमी केली आहे. मासे पूर्वीसारखे वर येत नाहीत, मग लोकांना दाखवायचं काय?

तात्यांनी खुर्ची मागच्या गॅलरीत नेली आहे. पाठीला ऊन बरं वाटतं म्हणाले.

आपला,
थोरला

१३ फेब्रुवारी

आदरणीय थोरले,

दोन्ही शून्य. मला इतक्या वर्षांत एकदाही जमलं नाही ते तुम्ही महिन्याभरात करून दाखवलंत. तुमचं पत्र मी इथल्या केमिस्टला वाचून दाखवलं. त्याला काही कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

रंग उडतोय ते मात्र गुण वगैरे समजू नका. पाणी नितळ झालं की दिव्याचा उजेड जास्त खोल जातो, कोरलला तो झेपत नाही. दिवे रोज दोन तास कमी लावा. तापमान रोज सकाळ-संध्याकाळ बघा. शंका वाटली तर पाणी थोडं जास्त बदला. आकडे शून्यावर आहेत तोवर घाबरण्याचं कारण नाही.

आपला,
धाकटा

२ मार्च

प्रिय धाकटे,

आज थट्टा सुचत नाही. तुमचं झाड पांढरं पडतंय.

आधी टोकं गेली, मग वरच्या फांद्या. आता कागदासारखा पांढरा रंग बुंध्याकडे उतरत चाललाय. उजव्या कोपऱ्यातली ती मऊ, हलणारी प्रवाळं आक्रसून गोळा झाली आणि परवा त्यातलं एक नुसतं विरघळून गेलं. सकाळी जागेवर काहीच नव्हतं. तापमान जसंच्या तसं आहे, दोन वेगळ्या तापमापकांनी पाहिलं. दिवे कमी केले. पाणी एकदा सोडून दोनदा बदललं, तुम्ही शिकवलंत तसं शुद्ध पाण्यात मीठ मुरवून, क्षारता मोजून. दर वेळी पाणी बदललं की मला वाटतं आता सुधारेल, आणि दर वेळी ती आणखी फिकी होतात. आकडे तेवढे पैकीच्या पैकी.

दुकानात बसलो तरी लक्ष लागत नाही. एका बाईंना जवळचा नंबर दूरच्या काचेत घालून दिला. त्या म्हणाल्या, साहेब, मला माझे पायच दिसत नाहीत. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आणखी एक. तात्या सध्या घरी नाहीत. त्यांचे डेपोतले जुने मित्र एकटे राहतात, त्यांच्याकडे थोडे दिवस गेलेत. बदल म्हणून. धाकटीला काळजी करू नको म्हणावं.

काय करू ते लगेच कळवा.

आपला,
थोरला

११ मार्च

थोरले,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तापमान ठीक, क्षारता ठीक, उजेड कमी, आकडे शून्य, आणि कोरल पांढरं पडतंय, हे जुळत नाही. काहीतरी विष गेलं असणार. घरात रंगकाम केलंत का? झुरळांसाठी काही फवारलंत? कोणी साबणाचे हात घातले? टाकीत नाणं, खिळा, तांब्याची तार काही पडलंय का, हात घालून चाचपा. विष शोषून घ्यायला कोळशाची पिशवी लावा आणि पाणी आणखी बदला.

आम्ही मापकांचा आकडा चुकला की एकच करतो. आकडा बरोबर होता त्या दिवसापासून आजपर्यंत काय काय बदललं ते सगळं मांडतो. कितीही फालतू वाटलं तरी. तुम्हीही तेच करा. जानेवारीत झाड जोमात होतं असं तुम्ही लिहिलंय. तेव्हापासून घरात काय बदललं? मेहुणीबाईंनाही विचारा. आणि लपवू नका. ते झाड मी बोटाएवढं होतं तेव्हापासून वाढवलंय.

तात्या मित्राकडे का गेले? धाकटी विचारतेय. ते कधी कुणाकडे राहायला जात नाहीत.

आपला,
धाकटा

२० मार्च

प्रिय धाकटे,

लपवू नका म्हणालात, म्हणून हे पत्र दुकानात बसून लिहितोय. घरी हिच्यासमोर हात चालला नसता.

काल हिला तुमचा प्रश्न वाचून दाखवला. जानेवारीपासून घरात काय बदललं? ती कणीक मळत होती. मी रंग, फवारा, साबण असं एकेक विचारत गेलो, ती मान हलवत गेली. मग हात थांबवून म्हणाली, "एकच बदललं. तात्यांनी अंडं बंद केलं."

तिचं म्हणणं असं. तात्या आल्यापासून रोज सकाळी उकडलेलं एक अंडं घ्यायचे. ताटली घेऊन टाकीसमोर बसायचे आणि रिकामी ताटली विसळून ठेवायचे. जानेवारी सरत आला आणि त्यांनी सांगितलं, मला अंडं नको, पचत नाही. तिने वयाचा भाग समजून सोडून दिलं. पण एकदा तिने त्यांना पाहिलं होतं. पांढरं स्वतः खाल्लं आणि पिवळं बोटांत अगदी पीठ होईतो चुरून टाकीत सोडलं. तिने विचारलं तर म्हणाले, "त्यांचं खाणं महागाचं आहे, त्याला कशाला हात लावू. हे माझ्या वाटणीचं आहे." तिला ते इतकं साधं वाटलं की माझ्या कानावर घालावं असंही वाटलं नाही.

म्हणजे तुमच्या डबीला तात्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही. मग डबी निम्मी कशी झाली? मी केली, धाकटे. संध्याकाळी गिऱ्हाइकं यायची, आणि खाणं पडल्याशिवाय मासे वर येत नाहीत. लोकांनी "वा" म्हणावं म्हणून मी चिमटीमागून चिमटी सोडत होतो. साय माझ्यामुळे धरत होती. तुमचं पत्र आलं, त्यात तुम्ही लिहिलं होतंत की मी शिस्तीचा, तेव्हा मला ते वाचूनच कळलं होतं की चोर कोण. मी गप्प बसलो. तुम्ही आयता दुसरा माणूस दिला होतात, आणि मी तो घेतला.

अजून आहे. तात्यांना हसत-खेळत सांगितलं असं मी लिहिलं होतं. सांगितलं नाही. जेवताना तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. ते बिनतिकिटाचं वाक्य आलं तेव्हा मला थांबता आलं असतं. मला वाटलं विनोद आहे, तेही हसतील. ते हसले नाहीत. "बरं" म्हणाले आणि ताट उचलून उठले. त्यानंतर ते दिवाणखान्यात आले की टाकीच्या बाजूने जात नसत, सोफ्यामागून वळसा घालून जात. मी ते रोज पाहिलं. झाड पांढरं पडायला लागलं तसा त्यांचा वळसा वाढला आणि एका सकाळी पिशवी घेऊन उभे राहिले. बदल म्हणून, हे शब्द त्यांचेच. विश्वास मी ठेवला नव्हता, पण तुम्हाला तसंच कळवलं.

ही आता सगळं जाणते. माझ्याशी कामापुरतं बोलते. ते बरोबरच आहे.

आपला,
थोरला

२९ मार्च

थोरले,

गाडी उद्या खाली जाईल, म्हणून आज रात्रीतच लिहून टाकतो.

आधी टाकीचं, कारण तिथे दिवस महत्त्वाचे आहेत. कोरलच्या कातडीत सूक्ष्म शेवाळं राहतात. रंग त्यांचा असतो, आणि उजेडावर अन्न शिजवून ती कोरलला पोसतात. त्यांना थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट लागतंच. पाणी शून्यावर आणलं की ती मरतात किंवा निघून जातात, मग कातडी काचेसारखी होते आणि आतलं हाड पांढरं दिसतं. विष वगैरे काही गेलेलं नाही. तुमची कोरलं उपाशी आहेत. मी तुम्हाला पाणी बदला, पाणी बदला म्हणत राहिलो आणि प्रत्येक बादलीबरोबर उरलासुरला घास बाहेर गेला.

दाणे काढून टाका, सगळे. फेसाचं यंत्र फक्त रात्री चालवा. कोळसा काढा. खाणं वाढवा, पण हळूहळू, एकदम ओतू नका. दुकानातलं जाड भिंग घेऊन फांद्या बघा. पांढऱ्या हाडावर पातळ ओलसर कातडी आणि बारीक तोंडं दिसली, तर ती जिवंत आहेत. जिथे केस उगवल्यासारखं शेवाळ चढलंय ती फांदी गेली, तिथे वेळ घालवू नका.

आता दुसरं. तुम्ही स्वतःला बोल लावलात. तो वाटा तुमचा तुमच्याकडे राहू द्या, मी काही तो हलका करणार नाही. पण माझा ऐका. माझ्या घरी आकडे माझ्या हिशेबापेक्षा वर असायचे. मी दर वर्षी त्यांच्यावर आणखी मोठं यंत्र आणि आणखी दाणे लावत गेलो, आणि शेवटी सगळं जमून आलं. लोक यायचे, कोरलचे रंग बघून विचारायचे, मी तासन्‌तास सांगायचो. माझ्या एका चिमटीवर ती टाकी कधीच जगली नसती. मी लावलेली सगळी यंत्रं तात्यांच्या त्या पिवळ्याशी झुंजत होती आणि त्या झुंजीत तोल साधला होता. इतकी वर्षं समोर बसलेल्या माणसाला मी एकदा विचारलं असतं, तात्या, तुम्ही काही टाकता का, तर त्यांनी सांगितलं असतं. संकोच वाटला म्हणून विचारलं नाही, असं मी तुम्हाला लिहिलं. खरं कारण संकोच नव्हतं. विचारलं असतं तर मला त्यांच्याशी बोलावं लागलं असतं. आम्ही एका घरात राहून जेवण, औषध आणि दिव्याचं बटण याखेरीज बोलत नव्हतो. मला ते सोयीचं होतं.

आणि ते वाक्य. ते मी सहज लिहिलं नव्हतं. चांगलं जमलंय असं वाटून पुन्हा वाचून घेतलं होतं.

धाकटीला आज सांगितलं. ती शाळेच्या खोलीत जाऊन बसली. तिकडे दिवा अजून चालू आहे.

तात्या रुसले असतील तर त्यांचा हक्क आहे. तुम्ही जाऊन त्यांना आणा. त्यांना सांगा की ती टाकी त्यांनी जगवली. माझ्या नावाने सांगा, माझ्या नावाने माफी मागा. आणि अंड्यातलं पिवळं त्यांच्याच हातून पडू द्या.

आपला,
धाकटा

१७ मे

प्रिय धाकटे,

रजा काढा आणि या. मिळत नसेल तर बिनपगारी काढा. टाकीसाठी म्हणत नाही, टाकी सावरते आहे. दाणे काढले, यंत्राला लगाम घातला, आणि रोज सकाळी हिच्याकडून अर्धं पिवळं मागून घेऊन टाकतो. ती मुकाट्याने देते. भिंगातून पाहिलं तेव्हा कातडी होती. तीन आठवडे काही हललं नाही, मग बुंध्याशी चहाच्या डागासारखा तपकिरी रंग आला आणि आता त्यातून हिरवं फुटतंय. वरच्या फांद्या गेल्या. मऊ प्रवाळांतलं एकच उरलं. नळीत फिकट गुलाबी येतं, काचेवर थोडी साय धरते. ती मी खरवडतो आणि तक्रार करत नाही.

तात्यांकडे मी एप्रिलातच गेलो होतो. एका खोलीत दोन लोखंडी खाटा, मध्ये स्टोव्ह. मित्र बाहेर गेले होते. तात्यांनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. मी घरून वाक्यं जुळवून गेलो होतो, की तुमचा अपमान झाला, आम्ही चुकलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अपमान कसला, जावईबापू? तुम्ही खरं तेच वाचलंत. मी टाकत होतो. धाकट्या जावयांनी इतकी वर्षं पोटात घातलं, हा त्यांचा मोठेपणा."

मग मी विचारलं, तर घर का सोडलंत? ते स्टोव्हची वात खाली-वर करत म्हणाले, "माझ्या हाताने ती झाडं मेली. एकेक पांढरं होताना बघवेना."

धाकटे, आपण समजत होतो तात्या रुसले. ते रुसले नव्हते. अडीच महिने तो माणूस खुनाचं ओझं घेऊन बसला होता आणि ते ओझं आपण दोघांनी त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. डबी मी संपवली, साय माझ्यामुळे आली, तुमच्या पिवळ्यावर ती जगत होती, आम्ही ते तोडलं म्हणून उपाशी राहिली. नायट्रेट-फॉस्फेट सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलाल? अहो, डॉक्टर घाण काढायला सांगतात, घाण घालायला नाही. तुम्ही मनाचे मोठे आहात." खरं सांगायची मला सवय नसावी. सांगितलं तर ते कुणाला पटेना.

ही दोनदा गेली, रडली, तेव्हा परवा ते घरी आले. मला वाटलं, समोर हिरवं बघितलं की पटेल. सकाळी हाताला धरून टाकीसमोर नेलं. ते वाकले, चष्मा सारखा केला, बुंध्याशी फुटलेला कोवळा रंग बघत राहिले. डोळे भरले त्यांचे. मग विचारलं, "आता खाणं कोण टाकतं?"

मी म्हटलं, मी टाकतो. पिवळंच टाकतो, तुम्ही टाकायचात तेवढंच, तसंच चुरून.

"मग तुमच्या हाताला यश आहे," ते म्हणाले.

ही चहा घेऊन बाहेर येत होती, ती तशीच आत वळली. मी ताटली त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, आज तुम्ही टाका, तात्या.

म्हणून तुम्हाला यायला सांगतोय. तुम्ही शिकलेले, टाकी तुमची, आणि दोषही तुमच्याच अक्षरात आला होता. माझं ते ऐकत नाहीत. त्यांनी ताटलीकडे बघितलं, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एक पाऊल मागे सरकले.

"नको, जावईबापू. आत्ता कुठे जीव धरलाय त्यांनी."

आपला,
थोरला